ज्या पाण्याला पाटकरी नाही

सरकारी नियमावलीत शहरी माणसाचे पाणी ठरलेले आहे. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी, दररोज १३५ लिटर. यातले ८० टक्के वापरून झाले की घराबाहेर पडते असे अभियंते धरून चालतात. म्हणजे १०८ लिटर. २०११च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार होती आणि धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार. गुणाकार केला तर जळगावातून रोज जवळजवळ ५ कोटी लिटर सांडपाणी निघते आणि धुळ्यातून ४ कोटी. कोटीचा आकडा ऐकून मन बधिर होते, म्हणून तो रस्त्यावर उभा करून पाहू. हे पाणी १० हजार लिटरच्या टँकरांत भरायचे ठरवले, तर रोज ९ हजार टँकर लागतील. एका टँकरला ८ मीटर जागा धरून ते एकामागे एक, मध्ये फट न ठेवता, जळगावातून धुळ्याच्या दिशेने लावत गेलो तर रांग एरंडोल मागे टाकते, पारोळा ओलांडते आणि मुकटीच्या आसपास संपते. ७२ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढीच नवी रांग.

हा हिशेब नियमावलीतला आहे, मीटरवरचा नाही, आणि २०११च्या डोक्यांचा आहे. शहरे तिथेच थांबलेली नाहीत. उलट बाजूने कोणी म्हणेल, धुळ्यात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते, तिथे कसले १३५ लिटर? खरे आहे. पण नळ आला नाही म्हणून माणूस पाणी वापरायचे सोडत नाही. बोअर आहे, विहीर आहे, टँकर आहे, गच्चीवर दोन-दोन टाक्या आहेत. आकडा थोडा इकडेतिकडे होईल, रांग मुकटीऐवजी पारोळ्यालाच संपेल. मुद्दा एवढाच की त्या रांगेची नोंद कोणी ठेवत नाही.

याचे नवल वाटते, कारण येणाऱ्या पाण्याच्या हिशेबात खान्देशाचा हात धरणारा प्रदेश महाराष्ट्रात शोधावा लागेल. गिरणेचे आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, कोणत्या पाटचारीला किती, हे चाळीसगाव-भडगावकडच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असते. पांझरेवर तर फड पद्धत तीन-चारशे वर्षे चालत आली. नदीवर ओळीने बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, आणि पाण्याची पाळी मोजून द्यायला पाटकरी. कोणाचे शेत किती वेळ भिजले यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी ही माणसे गावानेच नेमलेली. पाणी चोरले तर गाव जाब विचारत असे.

याच पांझरेवर एका तेवीस-चोवीस वर्षांच्या अभियंत्याची पहिली परीक्षा झाली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि नाशिकहून त्यांना खान्देशात धाडण्यात आले. साक्री तालुक्यात दातर्तीजवळ नदीच्या पात्राखालून नळ टाकून पाटाचे पाणी पलीकडे न्यायचे होते. ऐन पावसाळा, नदीला पूर, खणलेला खड्डा गाळाने पुन्हा भरायचा. पाऊस संपेपर्यंत काम थांबवू द्या, असे त्यांनी वर कळवले. साहेबाला ते रुचले नाही. शेवटी काम पुरे केले. हेच विश्वेश्वरय्या पुढे १९०१ साली मुंबई इलाख्याचे सॅनिटरी इंजिनिअर झाले, एडनच्या सांडपाण्याचा बंदोबस्त त्यांनी सुचवला, मुसी नदीच्या १९०८च्या महापुरानंतर हैदराबादने त्यांनाच बोलावले. धुळ्याच्या सरळ आखीव गल्ल्यांचे श्रेयही पुष्कळदा त्यांनाच देऊन टाकतात. पण ती आखणी त्यांच्या जन्माच्याही चाळीस वर्षे आधीची, कॅप्टन ब्रिग्जच्या काळातली. गल्ल्यांना नंबर आहेत, पाटाच्या पाळीला नंबर आहेत. गटारीला मात्र कधी कोणी पाटकरी नेमला नाही.

मग मोजायचे कशाने? आमच्याकडे मोठ्या पाण्याचे एकच माप सगळ्यांना कळते, ते म्हणजे गिरणा धरण. उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी, म्हणजे सुमारे ५२३ दशलक्ष घनमीटर. हे धरण भरले की जळगाव जिल्ह्यात पेढे वाटतात आणि भरले नाही की दोन हंगाम तोंडे उतरतात. आता हेच माप देशाच्या गटारीला लावू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीप्रमाणे भारतातल्या शहरांतून दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघते. त्यातल्या २०,२३६ दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होते. उरलेले ५२,१३२ दशलक्ष लिटर जसेच्या तसे नदीत, नाल्यात, खाडीत, शेतात. या न शुद्ध केलेल्या पाण्याने गिरणा धरण दहा दिवसांत भरते. पाऊस नको, ढगांकडे डोळे लावून बसायला नको. दर दहा दिवसांनी एक गिरणा, वर्षाला छत्तीस.

एकट्या महाराष्ट्राचा हिशेब त्याच अहवालात आहे. रोज ९,१०७ दशलक्ष लिटर निघते, शुद्ध होते ४,२४२. राहिलेल्या पाण्याला गिरणा भरायला १०८ दिवस लागतात, म्हणजे वर्षाला तीन वेळा धरण भरून वर बरेच उरते. आणि जगाचा? नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२१ साली मांडलेला अंदाज असा की घरे आणि कारखाने मिळून जग वर्षाला ३५९ अब्ज घनमीटर सांडपाणी तयार करते आणि त्यातले ४८ टक्के कसलीही प्रक्रिया न होता निसर्गात सोडले जाते. त्या ४८ टक्क्यांना आमचे गिरणा धरण भरायला साधारण सत्तावीस तास लागतात.

इथवरचे आकडे नुसते मोठे आहेत. खरा चक्रावणारा भाग लहान आकड्यांचा आहे.

गटारीच्या पाण्यात ९९.९ टक्के पाणीच असते. विरघळलेले, तरंगणारे, तळाला बसणारे असे सगळे मिळून घाण हजारात एक भाग. माणूस दिवसाला सरासरी सव्वाशे-दीडशे ग्रॅम विष्ठा आणि दीड लिटरच्या आत-बाहेर लघवी करतो. बाकीचे शंभरावर लिटर म्हणजे अंघोळ, धुणी, भांडी, फरशी आणि ते दीड लिटर ढकलायला वापरलेले पाणी. जळगावच्या रोजच्या ५ कोटी लिटरमधून पाणी काढून टाकले, तर हाताशी उरतो तो ५० टन ऐवज. पाच-सहा ट्रक. तेवढ्यासाठी आपण ५ हजार टँकर पाणी नासवतो आणि मग ते पाच-सहा ट्रक पुन्हा वेगळे काढायला कोट्यवधींचे प्रकल्प बांधतो. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, याहून वेगळे काय?

आता जंतू पाहू. एक धडधाकट माणूस दिवसाला अब्जावधी कोलिफॉर्म जिवाणू बाहेर टाकतो. आजारी नव्हे, निरोगी माणूस. त्यामुळे कच्च्या सांडपाण्याच्या दर १०० मिलिलिटरमध्ये, अर्ध्या पेल्याएवढ्या पाण्यात, विष्ठेतल्या कोलिफॉर्मची संख्या १० लाखांपासून १० कोटींपर्यंत असते. मधला आकडा धरू: एक कोटी. नदीत अंघोळ करायची तर आपल्याकडची कमाल मर्यादा आहे १०० मिलिलिटरला अडीच हजार. एक कोटीला अडीच हजाराने भागा. उत्तर येते चार हजार. म्हणजे एक लिटर गटारीचे पाणी अंघोळीपुरते निर्धोक करायला चार हजार लिटर निर्मळ पाणी हवे.

जळगावच्या ५ कोटी लिटरना चार हजारांनी गुणले की दिवसाला २० हजार कोटी लिटर होतात. हे २०० दशलक्ष घनमीटर झाले. अख्खे गिरणा धरण यासाठी अडीच दिवसांत रिकामे होईल. क्यूसेकच्या भाषेत सांगायचे तर गिरणेला रोज, बारा महिने, ८० हजार क्यूसेकच्या वर पूर असेल तरच जळगावच्या लेंडी नाल्यातून येणारे पाणी नुसत्या मिसळण्याने निर्धोक होईल. उन्हाने, वेळेने जंतू मरतातही, त्यामुळे प्रत्यक्षात इतके पाणी लागत नाही हे कबूल. तरी 'नदी आपली आपण स्वच्छ होते' या जुन्या समजुतीचा आकार या आकड्यात दिसतो. ती समजूत खोटी नव्हती. चार हजारांत एक अशा प्रमाणात माणसे नदीकाठी राहत होती तोवर ती चालून गेली.

याच गणिताची दुसरी बाजू प्रकल्पाच्या आत आहे. एखाद्या केंद्राने ९९ टक्के जंतू मारले, असे वाचले की आपण टाळ्या वाजवतो. परीक्षेत ९९ मिळाले तर फलक लागतात. पण एका कोटीतले ९९ टक्के मारले तर उरतात एक लाख. मर्यादेच्या चाळीस पट. ९९.९ टक्के मारले तर दहा हजार उरतात, चौपट. ९९.९९ टक्क्यांना आकडा एक हजारावर येतो आणि मग कुठे पाणी पास होते. दोन नऊ पुरत नाहीत, तीन पुरत नाहीत, चार लागतात. आणि शंभरातल्या एका घराची गटार मुख्य वाहिनीला न जोडता तशीच नाल्यात सोडली असेल, तर त्या एका घरामुळे पुन्हा आपण दोन नऊवर येतो. आमदार-खासदारांच्या भूमिपूजनात ही एक टक्क्याची गोष्ट कधी बोलली जात नाही. खरे तर तिथेच सगळा खेळ आहे.

त्यात खान्देशाचा उन्हाळा. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर मासे जगतात आणि घाण कुजवणारे जिवाणूही तोच खातात. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसात. पाणी जितके तापेल तितका तो कमी. आणि कच्च्या सांडपाण्याची प्राणवायूची मागणी लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या घरात असते. भागाकार सरळ आहे: गटारीचा एक लिटर नदीच्या ३३ लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू फस्त करू शकतो. जळगावची रोजची मागणी साडेबारा टन प्राणवायूची. तेवढा पुरवायला सुमारे पावणेसातशे क्यूसेक ताजे पाणी अखंड वाहते हवे. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे सरकतो तेव्हा, गिरणेच्या पात्रात आवर्तन नसेल तर वाळू असते. त्या दिवसांत शहराच्या खालच्या अंगाला जे वाहताना दिसते ते सगळे घरांतून आलेले. आमच्याकडे बारमाही वाहणारा प्रवाह उरला आहे तो हाच.

हे पाणी केंद्रापर्यंत न्यायचे कसे, ही वेगळीच कथा. भुयारी गटार उताराने चालते. नळीतले पाणी सेकंदाला किमान ६० सेंटिमीटर वेगाने गेले तरच मैला तळाशी बसत नाही. गल्लीतल्या लहान नळ्यांना, जिथे प्रवाहच थोडा असतो, त्यासाठी हजार मीटरला चार मीटरच्या आसपास उतार द्यावा लागतो. सपाट जमिनीवर तीन किलोमीटर गेलो की नळी बारा मीटर, म्हणजे चाळीस फूट खोल. प्रवाह वाढला, नळी मोठी झाली की कमी उतार पुरतो, तरीही कुठेतरी विहीर खणून पंपाने पाणी उपसून पुन्हा वर आणावेच लागते. वर काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, नळीचे सांधे सैल होतात. धुळ्याच्या देवपूर भागात अमृत योजनेतून भुयारी गटार टाकायला रस्ते खोदले तेव्हा लोकांनी जो धुरळा आणि चिखल सोसला, तो सगळ्यांच्या लक्षात आहे. नळीला किती उतार दिला होता हे विचारायला मात्र कोणी गेले नसणार.

आणि नळाला पाणी रोज येत नसेल तर? ही अडचण परदेशातल्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. नळ येतो त्या दिवशी सगळी कॉलनी धुणी काढते, अंगण धुते, गाड्या धुते, गटार तुडुंब. पुढचे दिवस पाणी जपून वापरायचे, मग नळीत प्रवाह इतका बारीक की मैला जागच्या जागी बसतो. त्याहून वाईट उलट्या बाजूने घडते. नळ बंद असताना पिण्याच्या पाण्याची वाहिनी रिकामी पडते, तिच्यातला दाब उतरतो, आणि कुठे तडा असेल तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. आपल्या गल्ल्यांत पिण्याची जोडनळी आणि उघडी गटार बहुधा शेजारी-शेजारी, पुष्कळदा नळीच गटारीतून गेलेली. १०० मिलिलिटरला एक कोटी हा आकडा इथे आठवावा. तसल्या पाण्याचा एक पेला दहा हजार लिटरच्या टाकीत पडला, तरी टाकीतल्या प्रत्येक १०० मिलिलिटरमध्ये दोनशेवर जंतू येतात. पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा आहे शून्य.

बहुतेक घरांना तर भुयारी गटार नाहीच. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरी घरांपैकी ३२.७ टक्के घरांचे संडास नळगटारीला जोडलेले होते आणि ३८.२ टक्के घरांचे सेप्टिक टँकला. टँक दोन-तीन वर्षांनी उपसावा असा नियम आहे. आपल्याकडे तो तुंबला की उपसतात, वीस-वीस वर्षे झाकण उघडलेले नसते. जळगावात एक लाख घरे धरली आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक घरी एक मैला-टँकर पाठवायचा ठरवला, तर वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरून रोज १११ खेपा होतात. हे अशक्य आहे असे कोणी समजू नये. सातारा जिल्ह्यातल्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने २०१८च्या सुमारास पाळीपाळीने, दर तीन वर्षांनी प्रत्येक घरचा टँक उपसण्याची पद्धत सुरू केली. लहान गावे आहेत, पण फडाच्या पाळीसारखीच पाळी लावली की जमते हे त्यांनी दाखवले. त्यांना पांझरेची फड पद्धत ठाऊक असेल-नसेल. आपल्याला तरी होती.

उपसण्याच्या कामातला एक आकडा माणसाच्या नाकाचा आहे. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. हवेच्या दहा कोटी भागांत एक भाग असला तरी नाकाला कळतो. तोच वायू दहा लाखांत शंभर भाग झाला, म्हणजे दहा हजार पट वाढला, की नाक बधिर होते आणि वास येणेच बंद होते. चेंबरमध्ये उतरलेल्याला वाटते, हवा सुटली. पाचशे-सातशे भागांना माणूस कोसळतो, हजाराला एक-दोन श्वास पुरतात. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणून अशा बातम्यांत एका वेळी दोन-तीन नावे असतात. माणसाला गटारीत उतरवायला कायद्याने बंदी आहे; १९९३चा कायदा आहे, २०१३चा अधिक कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली. १९९३ पासून सरकारी नोंदीत आलेले मृत्यू एक हजाराच्या वर आहेत. बंदी असलेल्या कामावर झालेल्या मृत्यूची भरपाई वाढवत न्यावी लागते, यातच सगळे आले.

केंद्रात पाणी पोहोचले तर पुढचे काम माणसाचे नाहीच. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी गाळातले जिवाणू हवा देऊन पोसण्याची युक्ती काढली. त्यांना ती वाट दाखवणारे गिल्बर्ट फाउलर दोनच वर्षांत बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. आजही बहुतेक मोठी केंद्रे त्याच युक्तीवर चालतात. जळगावएवढ्या शहराच्या केंद्रात हवेच्या टाक्यांमध्ये २० हजार घनमीटर पाणी असावे लागते आणि त्याच्या एका मिलिलिटरमध्ये शंभर कोटी जिवाणू. एकूण संख्या लिहायची तर दोनावर एकोणीस शून्ये. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे अडीच अब्ज जिवाणू एकट्या जळगावच्या मैल्यावर राबत असतील. पगार नाही, सुट्टी नाही, संप नाही. फक्त हवा अखंड लागते. त्या हवेचे बिल येते. एक हजार लिटरला ०.४ युनिट धरले तर ५ कोटी लिटरना रोज २० हजार युनिट वीज. आठ रुपये दराने दिवसाला १ लाख ६० हजार, वर्षाला पावणेसहा कोटींच्या वर. देशात ३१,८४१ दशलक्ष लिटरची केंद्रे बांधलेली असताना त्यातून २०,२३६ दशलक्ष लिटरच का जाते, याची काही उत्तरे नळ्या न जोडण्यात आहेत आणि काही या बिलात. बांधायला दिल्लीहून पैसे येतात, चालवायला घरपट्टी लागते. आणि वीज काही तास गेली की ते एकोणीस शून्यांचे सैन्य गुदमरते. पुन्हा उभे राहायला त्याला दिवस लागतात.

खर्चाच्या बाजूला एवढे लिहिल्यावर जमेची बाजूही मांडू. आपल्याकडच्या आहाराचा विचार करून स्वीडनच्या अभ्यासकांनी काढलेला आकडा असा की भारतीय माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला २.७ किलो नत्र बाहेर पडते, त्यातले बहुतेक लघवीतून. जळगाव-धुळ्याच्या ८ लाख ३५ हजार माणसांचे साडेबावीस लाख किलो. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे हा ४९ लाख किलो युरिया झाला. ४५ किलोच्या पोत्याने मोजला तर १ लाख ९ हजार पोती. खरीप तोंडावर आला की युरियाच्या एका पोत्यासाठी कृषी केंद्रापुढे रांगा लागतात, सोबत नको ते दुसरे खत गळ्यात मारले म्हणून तक्रारी होतात, आणि लाखभर पोती आपण पांझरेत आणि गिरणेत सोडून मोकळे होतो. केळीच्या एका झाडाला शिफारस आहे २०० ग्रॅम नत्राची. या हिशेबाने ती १ कोटी १२ लाख खोडांची भूक आहे. दीड बाय दीड मीटरवर लावली तर अडीच हजार हेक्टर केळी. सगळे नत्र हाती लागत नाही, निम्म्याच्या आसपास वाटेतच हवेत उडते. निम्मे धरले तरी पन्नास हजार पोती राहतात.

मात्र कच्चे पाणी शेताला देणे हा याचा मार्ग नव्हे. नाल्याच्या कडेला पंप टाकून मेथी-पालक पिकवणारे सगळ्याच शहरांच्या भोवती आहेत. जंताची एक मादी दिवसाला दोन लाख अंडी घालते आणि ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात. जागतिक आरोग्य संघटनेची शेतीच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला एका अंड्याची आहे. पालेभाजीला ती साधणे कठीण. केळीचे तसे नाही. घड जमिनीपासून वर लटकतो, साल काढून खातात, आणि पाणी ठिबकने मुळाशीच द्यायचे असते. ठिबकच्या नळ्या बनवणारा देशातला सर्वांत मोठा कारखाना, जैन इरिगेशन, जळगावातच आहे. केळी, नत्र आणि ठिबक हे तिन्ही एका गावात असताना ते एकत्र का येत नाहीत, याचे कारण मला तरी अभियांत्रिकीत सापडत नाही.

तापीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले तर उत्तराचा अंदाज येतो. पांझरा मुडावदला तापीत मिळते, गिरणा त्याच्या वरच; पुढे उकाई, आणि मग सुरत. तिथल्या लिंबायत-उधन्यात आमचा अर्धा खान्देश राहतो. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ पसरली आणि लाखो माणसांनी शहर सोडले. ताप्ती लाइनच्या गाड्या भरभरून आल्या. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त झाले आणि गलिच्छ म्हणून नाव गेलेले शहर दोन वर्षांत झाडून काढले गेले. याच सुरतेने २०१४ साली सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यांना रोज ४ कोटी लिटर विकायला सुरुवात केली. हा आकडा बरोबर धुळ्याच्या रोजच्या सांडपाण्याएवढा आहे. सुरतेत त्याला गिऱ्हाईक आहे.

जळगावचे गिऱ्हाईक तर शोधायलाही जायला नको. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. तिथल्या ५००-५०० मेगावॉटच्या दोन संचांना, पूर्ण क्षमतेने चालले आणि युनिटमागे साडेतीन लिटरची सरकारी मर्यादा धरली, तर रोज ८ कोटी ४० लाख लिटर पाणी लागते. जळगावचे ५ कोटी आणि भुसावळचे २ कोटी लिटर सांडपाणी एकत्र केले तरी ती तहान पुरी भागत नाही. आज हे पाणी हतनूर धरणातून जाते. शुद्ध केलेले ७ कोटी लिटर दीपनगरला गेले तर वर्षाला साडेपंचवीस दशलक्ष घनमीटर पाणी हतनूरमध्ये शिल्लक राहील, त्याच्या उपयुक्त साठ्याचा दहावा हिस्सा. नागपूरने भांडेवाडीचे पाणी कोराडीच्या वीज केंद्राला देऊन हे करून दाखवले आहे. जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या वीजदर धोरणात तसे कलमच आहे: सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक प्रकल्पाने तेच पाणी वापरायचे, सक्तीने. जळगाव ते दीपनगर हे अंतर त्या वर्तुळाच्या बरेच आत पडते. आणि पाइपलाइनचा, पाण्याचा वाढीव खर्च कोणी सोसायचा, याचीही सोय त्याच कलमात करून ठेवली आहे: तो वीजदरात धरायचा.